मॅडम, विषय कोणता घेऊ?

तालुक्याच्या निबंधस्पर्धेचं पत्रक शाळेत आलं की दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मुलं शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन उभी राहतात. पत्रकात विषय छापलेले असले तर फारसं कुणी येत नाही. त्यातला एक निवडायचा, घरच्या निबंधाच्या पुस्तकात शोधायचा, थोडा इकडचा तिकडे करायचा आणि सुवाच्य अक्षरात उतरवायचा. पण ‘विषय विद्यार्थ्याने स्वतः निवडावा’ अशी ओळ असली की चलबिचल सुरू होते. हुशार मुलंसुद्धा बिचकतात. “मॅडम, विषय कोणता घेऊ?” यांना शब्द सापडत असतात, शुद्धलेखनही बरं असतं. तरी आपल्या घरात, आपल्या गावात लिहिण्याजोगं काही घडतच नाही, अशी त्यांची मनापासून समजूत असते. बोरी नदीकाठच्या एका गावातून येणारा मुलगा मला सरळच म्हणाला होता, “आमना घर काहीच नई शे, मॅडम.”

खानदेशात मराठी शिकवताना माझं भांडण आहे ते या समजुतीशी. ते मी फार मनावर घेते. ज्या मुलाला आपल्या घरात काहीच नाही असं वाटतं, ते मूल पुढे मोठं झाल्यावरही दुसऱ्याच्याच घरातलं लिहितं, बोलतं आणि खरं मानतं.

म्हणून मी विषय देत नाही. मी विचारते, तुला स्वतःला काय कळलेलं नाही? आणि ते कुणाला विचारता येईल? ज्याला विचारायचं ते माणूस चालत जाऊन भेटण्याजोगं असावं, एवढी एकच अट मी घालते. या दोन प्रश्नांपाशी मुलं अडखळतात, कारण निबंध म्हणजे आपल्याला जे येतं ते दाखवायचं अशी त्यांना सवय लागलेली असते. जे येत नाही तिथून सुरुवात करायची, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

निबंधाच्या पुस्तकातला पाऊस वेगळ्याच गावात पडतो. तिथं अंगणात पारिजातक असतो, डोंगरावरून शुभ्र झरे उड्या घेतात, मोर पिसारा फुलवतो आणि आई गरमागरम कांदाभजी तळते. रावेर-यावलकडच्या मुलाला ठाऊक असतो तो मे अखेरचा पाऊस. दुपारी सातपुड्याकडचं आभाळ काळं होतं, पावसाआधी वारा येतो आणि बाप पायात चप्पलही न घालता बागेकडे धावतो. हा पाऊस मुलानं डोळ्यांनी पाहिलेला असतो. तरी वहीत तो झरे आणि मोर लिहितो, कारण पाऊस असाच लिहायचा असतो, असं त्याला वाटतं.

असाच एक नववीतला मुलगा ‘पर्यावरणाचा ऱ्हास : एक गंभीर समस्या’ हा विषय ठरवून आला होता. मी विचारलं, “यंदाच्या वादळात तुमची बाग पडली का रे?”

“अर्धी पडली.”

“आणि बांधावरची झाडं?”

“निंब तसाच आहे.”

“का बरं?”

“निंब मोठा आहे ना.” मग थोडा थांबला. “केळीपण मोठीच होती पण.”

तिथंच त्याला विषय मिळाला. केळी का पडते आणि निंब का उभा राहतो? हा प्रश्न घेऊन तो आधी विज्ञानाच्या सरांकडे गेला, मग आजोबांकडे, मग बागेत घड कापायला येणाऱ्या टोळीतल्या माणसांकडे. सरांनी त्याला सांगितलं की वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं केळ हे झाडच नाही. ज्याला आपण खोड म्हणतो ते पानांच्या देठांचे रुंद तळ एकमेकांभोवती घट्ट गुंडाळून झालेलं असतं. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. मुळं बहुतेक वरच्या थरातच पसरतात. अशा पोकळसर खांबावर एका बाजूला कलता वीस-पंचवीस किलोंचा घड लटकतो, वर ती रुंद पानं शिडासारखा वारा धरतात. तो निंब मात्र वर्षानुवर्षं लाकूड साठवत आलेला.

मुलानं हे सगळं लिहून आणलं तेव्हा मला आनंद झालाच. पण त्याचा निबंध वर गेला तो आजोबांमुळे. आजोबांनी सांगितलं, पूर्वी बागेच्या पश्चिमेला शेवरीची दाट ओळ होती. वारा आधी शेवरीला धडकायचा, मग बागेत यायचा. त्या ओळीच्या जागी केळीची आणखी एक ओळ बसते म्हणून पुढे शेवरी काढून टाकली. कुणी काढली, हे आजोबा बोलले नाहीत. मुलाला ते कळलं. निबंधात त्यानं एवढंच लिहिलं : ‘आमच्या बागेला आता पश्चिमेकडून आडोसा नाही.’ बापावर ठपका ठेवला नाही आणि खरी गोष्ट लपवलीही नाही. नववीतल्या मुलाला हे तारतम्य कुठून आलं असेल? विषय त्याच्या घरचा होता म्हणून आलं, असं मला ठामपणे वाटतं. परक्या विषयात मुलं बेधडक दोष देतात. ‘मानवाने निसर्गावर अत्याचार केले’ हे वाक्य लिहिताना त्यांना काहीच वाटत नाही, कारण त्यातला मानव कुणाचाच बाप नसतो.

पुढे त्याच्या निबंधात तलाठ्याचा पंचनामा आला. अर्धवट भरलेल्या घडाला व्यापारी हात लावत नाही हे आलं. फळपीक विम्याचं गणित आपल्या शेतावर नव्हे, तर महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवर चालतं, हे त्याला वडिलांनी समजावलं तेही आलं. आडवी झालेली केळी कापून बांधावर ओढताना हाताला जो चीक लागतो आणि कपड्यांवर जे काळे डाग पडतात ते कधीच निघत नाहीत, हे त्याच्या आईनं सांगितलेलं होतं. ‘पर्यावरण’ हा शब्द निबंधात कुठंही नव्हता. पर्यावरणावरचा इतका चांगला निबंध माझ्या वर्गात दुसरा झालेला नाही.

मोठा विषय मुलांना सुरक्षित वाटतो. ‘तापी : खानदेशची जीवनदायिनी’ असा मथळा टाकला की अर्धं काम झालं, अशी त्यांची कल्पना. तापी बैतुल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. हे तीन वाक्यांत सांगून झालं की पुढे लिहायला काही उरत नाही, मग प्रदूषण येतं आणि शेवटी शपथ येते. आठवीच्या वहीतली दोन पानं आणि ७२४ किलोमीटरची नदी यांचा मेळ बसतच नाही. नदीचा तेवढाच तुकडा घ्यावा जेवढा एका मुलाला उभं राहून दिसतो. आपल्या गावाजवळ तापीचे काठ इतके खोल का चिरलेले आहेत? आजीच्या लहानपणी नदी ओलांडायला काय होतं? हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की आपल्याकडे पाणी यायला किती वेळ लागतो, आणि ती बातमी गावात आधी कुणाला कळते? यातला एक प्रश्न पुरे आहे.

एका मुलीला ‘पाणी हेच जीवन’ लिहायचं होतं. मी तिला तिच्याच मळ्यातल्या विहिरीबद्दल विचारलं. ती म्हणाली, विहिरीत आता पाणी नसतं, बोअर आहे. बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं की पणजोबांनी त्या विहिरीवर मोट चालवली, आजोबांनी डिझेल इंजिन बसवलं, मग विजेची मोटार आली आणि वडिलांनी शेजारी बोअर घेतली. प्रत्येक पिढीत पाणी थोडं आणखी खाली गेलेलं. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात भूजल खोल गेलं आहे हे भूगोलाच्या तासाला तिनं ऐकलेलं होतंच. पण बोअरमध्ये पाइप किती उतरले त्याचा हिशेब वडिलांच्या जुन्या डायरीत आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. ती डायरी घेऊन बसली आणि आईला वाटलं पोरगी शेतीचे हिशेब शिकतेय. निबंधाचं नाव तिनं ठेवलं, ‘आमच्या विहिरीची खोली’. मला तो मथळा अतिशय आवडला. त्यात उपदेश नाही, आणि वाचणाऱ्याला लगेच विचारावंसं वाटतं, किती?

सणांवरचे निबंध मी वाचते तेव्हा हटकून दिवाळी भेटते. उटणं, आकाशकंदील, किल्ला. खानदेशातल्या पोरींचा जीव मात्र आखाजीत, म्हणजे अक्षय्य तृतीयेत, गुंतलेला असतो, झोक्यावरच्या गाण्यांत आणि माहेरी आलेल्या मोठ्या बहिणीत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते त्या रात्री गल्लीत कुणी झोपत नाही. तरी वहीत दिवाळीच. एका मुलीला मी म्हटलं, कानबाईवर लिही ना. तिनं नारळाची कानबाई, तिचे दागिने, पुरणाचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशीची मिरवणूक असं सगळं नीट लिहून आणलं. वर्णन सुरेख होतं. पण त्यात प्रश्न कुठंच नव्हता. मी विचारलं, “या सगळ्यात तुला न समजलेलं काय आहे?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “मॅडम, रोटाचे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचे, गहू घेताना आमच्या घरी घरातल्या पुरुषांच्या नावानं मूठ-मूठ घेतात. माझ्या लहान भावाची मूठ असते. माझी नसते.”

मी तिला सांगितलं, हाच विषय. पण लिहिण्याआधी आजीला विचार, आणि विचारताना भांडू नकोस. तिनं विचारलं. आजी म्हणाली, “तू परका घरनी शे बेटा, तुना रोट तठे.” म्हणजे लग्न होऊन जाशील त्या घरी तुझा रोट. मुलीला ते पटलं. रोट भाऊबंदकीतच खायचा असतो, कुळाबाहेर द्यायचा नसतो, हे तिला माहीत होतं. त्या हिशेबानं आजीचं म्हणणं सरळ होतं. निबंध इथं संपू शकला असता. पण चुलीपाशी बसलेल्या आईनं, पुरणाकडेच बघत, एक वाक्य टाकलं : “मना तठे बी नव्हता, आठे बी नई.” आईच्या माहेरी मुठी पुरुषांच्याच नावाच्या, आणि सासरीही.

मुलीनं ही दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली, आणि खाली स्वतःचं मत म्हणून काहीही लिहिलं नाही. मी तिला तसंच ठेवायला सांगितलं. निबंध आधी आजीला वाचून दाखव, तिला चालला तरच स्पर्धेला पाठवू, असंही सांगितलं. आजीनं ऐकला. मधेच दोनदा थांबवून कानबाईच्या चौरंगाची मांडणी चुकली आहे ती दुरुस्त करून घेतली, आणि मुठींच्या परिच्छेदाला हरकत घेतली नाही.

विषय निवडताना मुलाला किती उघडं करायचं, हा प्रश्न मला नेहमी सतावतो. स्पर्धांमध्ये रडवणाऱ्या निबंधाला बक्षीस मिळतं हे मुलांना लवकर कळतं. मग नापिकी, कर्ज, आजारपण, दारू हे सगळं वहीत यायला लागतं. कधी खरं असतं, कधी शेजारच्या घरातलं उचललेलं असतं. जे खरं असतं त्याचं मला जास्त भय वाटतं. मूल आपल्या घराची जखम परीक्षकांपुढे ठेवतं, आणि ते प्रमाणपत्र घेऊन त्याच घरी परत जातं. म्हणून माझी एक सोपी कसोटी आहे. मी विचारते, हा निबंध वर्गात मोठ्यानं वाचला तर तुला चालेल का? आईसमोर वाचला तर? मुलाचा चेहरा पडला तर तो विषय आम्ही सोडून देतो. लिहायचंच असेल तर ते स्वतःच्या वहीत लिहावं, स्पर्धेसाठी नाही.

याचा अर्थ कष्टाबद्दल लिहू नये असा नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत माझी मैत्रीण शिकवते. तिच्याकडच्या कितीतरी मुलांचे आईवडील पावसाळा सरला की ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यांच्या घरी पावरी किंवा भिलोरी बोलतात, मराठी त्यांना शाळेत भेटते. अशा मुलांना ‘माझे घर’ हा विषय दिला की सगळ्यांच्या वहीत लाल कौलांचं, फुलझाडांच्या कुंपणाचं घर उभं राहतं. तिनं एका मुलाला विचारलं, घर बंद करून जाताना कोंबड्या कुणाकडे ठेवता? त्या एका प्रश्नानं मुलगा बोलता झाला. कोंबड्या कुणाकडे, बकऱ्या कुणाकडे, परत येईपर्यंत झालेली पिल्लं कुणाची, अंडी कुणी खायची, कोंबडा मेला तर काय द्यायचं, याचे सगळे नियम त्याला तोंडपाठ होते. मोठ्या माणसांमधला कुठलाही करार असावा तसे नियम. त्या निबंधात कुणी रडत नव्हतं. वाचणाऱ्याला मात्र त्या पाड्यावरचं आयुष्य कळत होतं, आणि लिहिणारा मुलगा त्यात माहीतगार म्हणून उभा होता. दयेचा विषय म्हणून उभा नव्हता. मला स्पर्धेच्या परीक्षकांना सांगावंसं वाटतं की हा फरक तुम्ही ओळखा.

त्याच जिल्ह्यातली दुसरी एक मुलगी. नंदुरबारच्या बाहेर हंगामात मिरचीच्या पथारी लागतात, रस्त्याकडेनं जमीनच लाल दिसते. तिची मावशी तिथं कामाला जाते. मुलीनं विषय घेतला, ‘मावशी हात कशाने धुते?’ दिवसभर मिरचीत हात घातलेली बाई संध्याकाळी घरी येऊन पीठ कसं मळते, लहान पोराच्या तोंडाला हात कसा लावते? उत्तर असं निघालं की मावशी आधी तेल चोळते, मग राख, मग पाणी. मुलीनं विज्ञानाच्या तासाला याचं कारण विचारलं तेव्हा कळलं की मिरचीतला जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. मावशी शाळेत गेलेली नव्हती. निबंधात हे दोन्ही होतं.

हल्ली मोबाइलला विषय सांगितला की निबंध तयार होऊन येतो, आणि शिक्षक मंडळी याबद्दल फार चिंता करतात. ‘वृक्षांचे महत्त्व’ हा विषय दिला तर मूल तो मोबाइलकडूनच लिहून आणणार, पूर्वी पुस्तकातून आणत होतं तसंच. त्या मावशीच्या हातांवरचं तेल मात्र त्या मुलीला चुलीपाशी बसूनच बघावं लागलं. मला वाटतं, चिंतेचा पुष्कळसा भाग विषय देण्याच्या पद्धतीतच मिटू शकतो.

थोर माणसांवरचे विषय टाळावेत, असं माझं मत नाही. त्यांच्यातही प्रश्न शोधावा लागतो, इतकंच. नंदुरबारच्या शाळांमध्ये शिरीषकुमार मेहता यांच्यावरचं भाषण किंवा निबंध दर ऑगस्टमध्ये होतो. ९ सप्टेंबर १९४२ ला पोलिसांच्या गोळीबारात गेलेला तो शाळकरी मुलगा. त्याचं शौर्य सगळेच लिहितात. पण तो मिरवणुकीत देत होता ती घोषणा गुजराती होती, हे लक्षात घेऊन एखाद्या मुलानं विचारलं की नंदुरबारमध्ये गुजराती का, तर पुढे केवढं तरी उघडतं. गुजरातच्या सीमेला लागून असलेलं व्यापारी गाव, तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली गुजराती घरं, बाजारात एका वाक्यात मिसळणाऱ्या दोन-तीन बोली. आणि मग मुलाला स्वतःच्या वर्गाकडे बघावंसं वाटतं. आपल्या बाकावर बसणाऱ्यांच्या घरी कोणकोणत्या बोली बोलतात?

बहिणाबाईंचं तसंच. ‘माझी आवडती कवयित्री’ या मथळ्याखाली जळगाव जिल्ह्यात किती वह्या भरल्या असतील! असोद्याला १८८० मध्ये जन्म, शाळेचं तोंड पाहिलं नाही, घरातल्यांनी कविता उतरवून घेतल्या, १९५१ मध्ये निधन, पुढच्या वर्षी पुस्तक. एवढं सगळ्यांना पाठ असतं. मी मुलांना सांगते, त्या कवितांत येणाऱ्या वस्तूंची यादी करा. जातं, चूल, मोट, सुगरणीचा खोपा, शेतातली अवजारं. आता आपल्या घरात त्यातलं काय आहे ते बघा, आणि जे नाही ते कुठं गेलं ते विचारा. एका मुलीच्या घरचं जातं नळाखाली सापडलं, धुण्याचा दगड म्हणून. दुसऱ्या एका घरात ते दरवर्षी हळदीला बाहेर निघतं आणि पूजा होऊन परत माळ्यावर जातं. एका बाईनं जे आयुष्यभर हातात धरलं तेच तिनं गायलं, हे मुलांना यातून जसं कळतं तसं चरित्रातून कळत नाही. आपल्या मातीतल्या कवयित्रीला पाठांतरात असं कोरडं करून टाकलेलं मला बघवत नाही.

जुन्या कागदांचं मी मुद्दाम सांगते. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात वारले, ३१ डिसेंबर १९२६ ला, आणि लगेच १९२७ मध्ये तिथं त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी आयुष्य घालवलं ते लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं शोधण्यात. मुलांना वाटतं इतिहास पुस्तकात असतो. घरच्या पत्र्याच्या पेटीत जुना सातबारा, सावकाराची पावती, आजीच्या लग्नाची पत्रिका निघते तेव्हा त्यांचे डोळे मोठे होतात. एका पत्रिकेवरून निबंध होऊ शकतो. लग्न किती दिवसांचं होतं, वऱ्हाड बैलगाडीनं आलं की रेल्वेनं, पत्रिकेवर वधूच्या आईचं नाव का नाही?

पालक विचारतात, “पण बोर्डाच्या परीक्षेचं काय, मॅडम?” प्रश्न रास्त आहे. दहावीच्या मराठीच्या पेपरात प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांतलं एक लिहायचं असतं आणि त्याला ८ गुण असतात. तिथं विषय मुलाच्या हातात नसतो, वेळही नसतो. पण दिलेल्या विषयाचा कोणता तुकडा घ्यायचा, हे तिथंही मुलाच्याच हातात असतं. ‘उन्हाळ्यातील एक दिवस’ आला तर मामाच्या गावच्या आमराईत जायचं की आपल्याच गावात थांबायचं? पारा पंचेचाळीसच्या पुढे गेल्यावर दुपारी बारा ते पाच आपलं गाव काय करतं? दुकानांची फळकुटं कधी लागतात, पिठाची गिरणी किती वाजता बंद होते, गुरं कुठल्या सावलीला बांधतात, रात्री घराच्या धाब्यावर अंथरुणं टाकण्याआधी पाणी किती वाजता मारतात. भुसावळ-जळगावच्या मुलाला हे सगळं न आठवताही येतं. गठ्ठ्यातल्या आमराया तपासून थकलेल्या परीक्षकाला हे वाचून बरं वाटेल, असा माझा भरवसा आहे. ‘मोबाइल : शाप की वरदान’ आला तर अक्राणीतल्या मुलानं रेंजसाठी कोणत्या टेकडीवर चढावं लागतं, तिथं संध्याकाळी कोणकोण जमतं, तिथून लिहायला सुरुवात करावी. आत्मकथन आलं तर नदीपेक्षा वर्गातल्या पंख्याचं लिहावं, ज्याला आपण रोज मान वर करून बघतो. परीक्षेच्या अडीच-तीन तासांत ही निवड सुचायला हवी असेल तर ती सवय वर्षभर लागलेली असावी लागते. फेब्रुवारीत अचानक ती येत नाही.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून दैनिक काढायचे. रोज. मी जेव्हा जेव्हा हे मुलांना सांगते तेव्हा ती विचारतात, रोज लिहायला त्यांना विषय कुठून मिळायचे? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. वसतिगृहात राहणारी पोरं, त्यांच्यात रोज काही ना काही घडणारच, आणि ते पाहणारा माणूस तिथंच राहत होता.

आमच्या वर्गात दैनिक निघत नाही, पण एक प्रश्नवही आहे. खिडकीत ठेवलेली असते, सुतळीला पेन बांधून. ज्याला जे कळलेलं नाही ते त्यानं तिथं लिहायचं, नाव घालायची गरज नाही. परवा त्यात नवे प्रश्न दिसले. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचं वय कशावरून ओळखतात? कापसाची गाडी जिनिंगमध्ये रिकामी केल्यावर पुन्हा का तोलतात? कळण्याची भाकरी आजीच्या हातची फुगते, आईच्या हातची का नाही? खाली वेगळ्या अक्षरात कुणीतरी उत्तर दिलं होतं, ‘माझ्या आईची फुगते.’ भरताची वांगी कापसाच्या काड्यांवरच का भाजतात, हा प्रश्न तिघांनी वेगवेगळ्या दिवशी लिहिला होता. त्या तिघांना मी एकत्र बसवलं आणि सांगितलं, तिघांनी तीन घरांत विचारा, तिन्ही उत्तरं वेगळी आली तर फार चांगलं.

यंदाच्या स्पर्धेची मुदत गणपतीआधी संपते. बऱ्याच जणांचं ठरलं आहे. एक मुलगा अजून राहिला होता. वडील भुसावळला लोको पायलट, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये घर. त्याला ‘माझे बाबा’ लिहायचं होतं आणि दोन ओळींपुढे जमत नव्हतं. मी विचारलं, तुमच्या घरात दिवसा आवाज करायला बंदी असते का? त्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं. रात्रपाळी करून आलेले बाबा झोपले की कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, बेल वाजू द्यायची नाही, क्रिकेट तीन क्वार्टर सोडून खेळायचं, पोस्टमनसुद्धा दार वाजवत नाही, असं तो भडाभडा सांगायला लागला. मग म्हणाला, आजोबापण ड्रायव्हरच होते, तेव्हा ड्यूटीला बोलवायला कॉल बॉय यायचा म्हणे, मध्यरात्री कडी वाजवत.

“तो गल्लीत इतरांना न उठवता नेमकं एकच घर कसं उठवायचा?” मी विचारलं.

त्याला माहीत नव्हतं. आजोबा रविवारी वरणगावहून येणार आहेत. सोमवारी तो मला सांगणार आहे.